दर पावसाळ्यात सांधा सुटतो, गंजाचा ओघळ येतो: जुन्या दगडांच्या उभ्या शिल्पाचं दुखणं आणि दुरुस्ती

वाडे पाडल्यावर निघालेले तळखडे (लाकडी खांबांखालचे दगड), जोत्याचे घडीव चिरे, जात्याच्या तळ्या, रगडे, उखळं एकावर एक बसवून केलेली उभी शिल्पं अंगणात, शाळेच्या आवारात, सोसायटीच्या बागेत आता बरीच दिसतात. पहिली दोन-तीन वर्षं काही होत नाही. मग एका पावसाळ्यानंतर खालून दुसऱ्या किंवा तिसऱ्या सांध्यात केसाएवढी फट दिसते आणि तिच्यातून तांबूस ओघळ उतरलेला असतो. गवंड्याला बोलावून फट सिमेंटने बुजवली जाते. पुढच्या दिवाळीपर्यंत ती पुन्हा उघडते, या वेळी जरा रुंद. आणखी वर्षभराने सांध्याच्या वरच्या दगडाला उभी चीर पडते, आणि तळव्याने रेटलं तर दगड किंचित हलतो.

फट बाहेर दिसते म्हणून उपायही बाहेरूनच होतात: सिमेंट, सिलिकॉन, काळा रंग मिसळलेलं व्हाइट सिमेंट, वॉटरप्रूफिंगचे दोन हात. यातलं काहीच टिकत नाही, कारण बिघाड आत आहे. दगडांना जोडणारी लोखंडी सळई आणि ती ज्या भोकात उभी आहे ते भोक, या दोहोंचा बंदोबस्त होईपर्यंत सांधा सुटतच राहणार. त्यासाठी शिल्प उतरवावं लागतं. पुढची सगळी मापं काळ्या पाषाणाच्या, चार ते सात फूट उंचीच्या, ४० ते १५० किलोच्या दगडांच्या शिल्पासाठी आहेत. जांभा आणि शहाबादी यांचं जिथे वेगळं करावं लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

आधी चीर वाचा

शिल्प उतरवणं हे दोन-तीन दिवसांचं आणि जोखमीचं काम आहे, म्हणून आधी खात्री करून घ्या. वरवर सारखी दिसणारी चार दुखणी आहेत.

गंजाची चीर सांध्यापासून निघते आणि वर किंवा खाली सरळ जाते. चार-सहा इंचांवर, म्हणजे जिथे आतली सळई संपते तिथे, ती थांबते. भोकापासून जो पृष्ठभाग सगळ्यात जवळ त्याच अंगाला ती फुटते, आणि तिच्या कडा तांबूस असतात. फटीत हॅक्सॉचं पातळ पातं सरकवून पाहा. आत सळईला अडकलं आणि बाहेर काढल्यावर त्यावर ओला तपकिरी चिखल आला, तर शंका उरत नाही. चुंबकावर मात्र विसंबू नका. काळ्या पाषाणातच लोहखनिज असतं आणि जोरदार चुंबक त्याला थोडा चिकटतो, त्यामुळे सळई नसलेल्या जागीही ‘सापडली’ असं वाटतं.

पाया खचला असेल तर फट पाचरीसारखी असते: एका अंगाला उघडी, समोरच्या अंगाला बंद. गंज नसतो. शिल्पाच्या माथ्यावरून ओळंबा सोडा, पायाशी अंतर मोजून लिहून ठेवा. मेअखेर एकदा आणि सप्टेंबरात एकदा. आकडा बदलला तर जमीन हलते आहे. काळ्या मातीत हे हमखास होतं.

मिठाचं दुखणं सांध्यात कमी आणि दगडाच्या अंगावर जास्त दिसतं. पृष्ठभाग पापुद्र्यांनी सुटतो, कोरड्या दिवसांत पांढरी बुरशीसारखी भुकटी येते. गोठ्यातून, मोरीतून किंवा न्हाणीघरातून आलेले दगड असले की ही शक्यता आधी तपासा. खरवडून निघालेली १० ग्रॅम भुकटी १०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ढवळा, तासाभराने वॉटर फिल्टरवाल्यांकडे मिळणाऱ्या टीडीएस पेनने (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणाऱ्या) मोजा, आणि तशीच भुकटी एखाद्या ठणठणीत दगडाची घेऊन तुलना करा. आकडा कित्येक पट निघाला तर दगडात मीठ मुरलेलं आहे.

चौथं दुखणं दगडाच्या जातीचं. सह्याद्रीच्या आणि देशावरच्या पाषाणात एक प्रकार असा येतो की त्याच्या छिद्रांत पांढरे दाणे किंवा हिरवट-काळसर, मऊ भरण असते. ही भरण पाण्याने फुगते, उन्हाने आकसते, आणि दगडावर जाळीसारख्या चिरा पडतात. जुना दगड म्हणजे शंभर पावसाळे सोसलेला दगड, असं आपण धरून चालतो. पण भिंतीच्या पोटातला दगड शंभर वर्षं चुन्यात कोरडा बसलेला असतो, त्याचा पहिला पावसाळा तुमच्या अंगणातलाच. अशा दगडाला उपाय नाही. तो बदला.

सुतकीच्या (गवंड्याच्या हातोडीच्या) दांड्याने प्रत्येक दगड वाजवूनही पाहा. धड दगड टणकन बोलतो, आतून फुटलेला बद्द वाजतो. बद्द वाजणाऱ्या दगडावर खडूने खूण करा. उतरवताना तो उचलायच्या पट्ट्यात अडकवण्याआधी त्याच्याभोवती दोरी आवळायची आहे.

भोकात काय घडतं

वरच्या दगडातलं भोक तोंड खाली करून असतं, त्यात पाणी उभं राहत नाही. खालच्या दगडातलं भोक तोंड वर करून असतं, म्हणजे ती एक वाटी आहे. सांध्यातल्या केसाएवढ्या फटीतून पाणी आपोआप आत ओढलं जातं, सळईवरून घरंगळत त्या वाटीत जमतं आणि तिथेच राहतं. बाहेरचा दगड ऑक्टोबरात खडखडीत वाळतो तेव्हाही आतली वाटी ओली असते. पाणी आणि हवा दोन्ही जिथे भेटतात तिथे लोखंड सगळ्यात वेगाने गंजतं, आणि ती जागा बरोबर सांध्याच्या रेषेवर येते. म्हणून चीर नेहमी तिथूनच सुरू होते.

गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. १६ मिमीची सळई चहूबाजूंनी अवघी अर्धा मिमी झिजली आणि गंजाने तिप्पट जागा घेतली, तर सळईभोवती एक मिमी जास्तीची जागा हवी. भोक सिमेंटने ठासून भरलेलं असतं, म्हणून ती जागा दगडाकडूनच घेतली जाते. पाषाण दाब प्रचंड सोसतो, पण ताण त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढाही धड सोसत नाही. आतून बाहेर रेटणारी पाचर म्हणजे ताण, आणि तिथे तो फुटतो.

ग्रीसमधल्या अथेन्सच्या अक्रोपोलिस टेकडीवर हेच झालं. तिथलं पार्थेनॉन हे प्राचीन मंदिर बांधणाऱ्या मूळ कारागिरांनी संगमरवरी ठोकळ्यांतले लोखंडी आकडे शिशात बसवले होते, त्यामुळे पाणी लोखंडापर्यंत पोचत नव्हतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखाली दुरुस्ती झाली तेव्हा शिशाच्या तशा आवरणाविना लोखंड घातलं गेलं. काही दशकांत ते गंजून फुगलं आणि संगमरवर फुटला. १९७५ साली नेमलेल्या समितीच्या कामात ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्यात आलं. वाड्याच्या भंगारातली जुनी सळई, गजाचा तुकडा, ट्रॅक्टरचा बोल्ट दगडात घालताना हा दाखला डोळ्यांसमोर असू द्या. शिल्पात बाकी सगळं जुनं वापरा, पण आतली पिन नवी आणि न गंजणारी हवी.

सिमेंटबद्दल एक गैरसमज आहे. नवं सिमेंट अल्कलीयुक्त असतं आणि सुरुवातीला ते लोखंडाला खरंच जपतं. पण सांध्यातला आठ-दहा मिमीचा थर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काही वर्षांत निष्प्रभ होतो, मग संरक्षण संपतं. शिवाय सिमेंट ताठ आहे. मे महिन्यात काळ्या दगडाला हात लाववत नाही एवढा तो तापतो, वळवाची सर आली की एकदम निवतो. दरवेळी सांध्याच्या कडेला सूक्ष्म तडा वाढतो. तिथून पाणी आत शिरतं, मात्र सिमेंटमधून सहज बाहेर पडत नाही. बाहेरून थर चढवत गेलात तर वाटीवर झाकण लावता आहात, आणि गंज आतल्या आत चालू राहतो.

उतरवणं

डिसेंबर ते मार्च हा काळ धरा. कोकणात आणि गोव्यात फेब्रुवारीतच काम आटोपलेलं बरं, कारण चुन्याला घट्ट व्हायला वेळ लागतो.

वजनाचा अंदाज आधी काढा. काळा पाषाण घनफुटाला साधारण ८० किलो भरतो. १८ इंच व्यासाची, ४ इंच जाडीची जात्याची तळी ४५ ते ५० किलो. १५ बाय १५ बाय ९ इंचांचा तळखडा ९० ते ९५ किलो. दोघांनी मिळून हातावर उतरवता येईल असं वाटतं, आणि बोटं चिरडतात ती याच कामात. दोन इंची पाइपचं १२ फुटी तिकाटणं, एक टनी चेन पुली आणि दोन इंची नायलॉनचे दोन पट्टे एवढी सामग्री पुरते. साखळी थेट दगडाला लावू नका, कडा उडते. पट्ट्याखाली गोणपाट घाला. तिघं माणसं हवीत: एक पुलीवर, दोघं दगडाला दिशा द्यायला. दगड अधांतरी असताना सांध्याखाली कोणाचाही हात जाता कामा नये, पाचर सरकवायची तरी लाकडी पट्टीने सरकवा.

उतरवण्याआधी पुढच्या अंगाला माथ्यापासून पायापर्यंत तेलखडूने एक उभी रेघ मारा, चारही बाजूंनी फोटो काढा आणि प्रत्येक दगडाच्या न दिसणाऱ्या तळावर रंगाने क्रमांक घाला. खडूचे आकडे पाण्याने जातात.

सांध्यातलं सिमेंट चार इंची ग्राइंडरच्या पातळ डायमंड ब्लेडने सगळीकडून इंचभर खोल कापा. मग चारही बाजूंनी लोखंडी पातळ पाचरी थोड्या थोड्या ठोका, आळीपाळीने. एकाच बाजूने पहार घालून उचकटलं तर दगड भोकाशी तुटतो, आणि शंभर वर्षांचा तळखडा असा तुटला की तसा दुसरा मिळत नाही. सांधा दोन-तीन मिमी उघडला की हॅक्सॉच्या पात्याने सळई कापा आणि दगड उचला.

भोकात उरलेला सळईचा तुकडा ठोकून किंवा पिळून काढायचा प्रयत्न करू नका. गंजामुळे तो आत आवळलेला असतो. सळईपेक्षा १० मिमी मोठ्या डायमंड कोअर बिटने, पाणी सोडत, ड्रिलचा हॅमर (ठोके) बंद ठेवून तिच्याभोवती कोरून घ्या. १६ मिमीच्या सळईला २६ मिमीचा बिट चालतो. गंजाचा शेवटचा कण निघेपर्यंत भोक तारेच्या ब्रशने घासा.

जातं वापरलं असेल तर त्याच्या खालच्या तळीकडे लक्ष द्या. वरची तळी जिच्याभोवती फिरायची ती लोखंडी खुंटी बऱ्याचदा तळीतच राहून जाते. शिल्पात ती दिसत नाही, पण ती गंजते आणि तळी मधोमध फोडते. नव्या पिनशी तिचा संबंध नसला तरी ती कोरून काढा.

दगडांच्या राशीतून एखादी वीरगळ, सतीशिळा किंवा देवळाचा कोरीव तुकडा शिल्पात आलेला आढळला, तर त्याला नवं भोक पाडू नका आणि तो परत रचूही नका. १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं शिल्प हा पुरावशेष ठरतो. पुरातत्त्व विभागाला कळवा आणि त्या जागी साधा चिरा वापरा.

पिन कोणती

पुणे, नाशिक, नगर, सातारा, विदर्भ, मराठवाडा इथे ३०४ ग्रेडचं स्टेनलेस स्टील पुरतं. मुंबई, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, गोवा इथे खाऱ्या हवेत ३०४ वर चहासारखे डाग आणि बारीक खड्डे पडतात. तिथे ३१६ घ्या. गॅल्व्हनाइज्ड सळई नको: कापलेल्या टोकाला आणि आट्यांवर जस्त नसतं, आणि गंज तिथूनच सुरू होतो. पितळेतलं जस्तही ओलाव्यात झिजतं.

बाजारात फसगत होते ती इथे. फर्निचर आणि रेलिंगसाठी येणारं २०२ ग्रेडचं स्टील दिसायला तसंच असतं, त्यालाही चुंबक फारसा चिकटत नाही, पण ओलाव्यात ते गंजतं. म्हणजे चुंबकाची परीक्षा ३०४ आणि २०२ यांतला फरक सांगत नाही. स्टीलच्या व्यापाऱ्यांकडे ग्रेड तपासायचे रसायनाचे थेंब असतात. तुमच्यासमोर लावून घ्या किंवा टेस्ट सर्टिफिकेट मागा. पिनही भंगारातलीच हवी असा आग्रह असेल तर डेअरीच्या मोडीत निघालेले रॉड आणि फिटिंग पाहा, ते सहसा ३०४ किंवा ३१६ निघतात. पंपाचे शाफ्ट घेऊ नका, त्यातले बरेच ४१० चे असतात आणि ते गंजतात.

पूर्ण आटे असलेला रॉड घ्या, गुळगुळीत नको. १०० किलोपर्यंतच्या दगडाला १६ मिमी, त्यावर २० मिमी. १६ मिमीची पिन खालच्या दगडात १३० मिमी आणि वरच्यात ९० मिमी. जात्याची तळी पातळ असते, तिच्यात एवढं खोल जाता येत नाही. तिथे खालच्या दगडातून निघालेली एकच लांब पिन तळ्यांच्या मधल्या भोकातून आरपार न्या. भोकाच्या मध्यापासून दगडाची कड किमान ८० मिमी लांब राहिली पाहिजे. जांभ्याला हे अंतर १२० मिमी ठेवा, तो मऊ आणि सच्छिद्र आहे, आणि त्याला भोक पाडताना हॅमर अजिबात लावू नका.

गोल दगडांना मध्यावर एक पिन पुरते. चौकोनी दगड असेल आणि मुलं चढण्याची शक्यता असेल तर दोन पिना, निदान १२० मिमी अंतरावर. दोन पिनांची भोकं जुळवायला तीन मिमी प्लायवुडचा साचा करा आणि दोन्ही दगडांवर तोच लावा, उलटसुलट न करता. साचा उलटा पडल्याने भोकं चुकतात, मग पिना वाकवल्या जातात, आणि वाकवलेली पिन दगडाला कायम एका बाजूला रेटत राहते.

खाली पक्की, वर सैल

सगळ्या दुरुस्तीचं मर्म या एका गोष्टीत आहे. पिन खालच्या दगडात एपॉक्सीने पक्की बसवायची आणि वरच्या दगडात चिकटवायची नाही. वरचा दगड आपल्या वजनाने बसतो, पिन फक्त त्याला सरकू देत नाही. दोन्ही टोकं जखडली की दगडाला उन्हापावसात हालचाल करायला जागा राहत नाही, आणि पुढे कधी उतरवायची वेळ आली तर पुन्हा कापाकापी करावी लागते.

खालचं भोक पिनपेक्षा ४ मिमी मोठं: १६ ला २० मिमी. जुनी सळई कोरून काढल्यामुळे भोक आधीच २६ मिमी झालं असेल तरी चालतं, एपॉक्सी जास्त लागेल इतकंच. भोक ब्रशने घासा, हवेने फुंकून काढा, पुन्हा घासा, पुन्हा फुंका. धूळ राहिली तर एपॉक्सी धुळीला चिकटतो, दगडाला नाही. मग दगड पत्र्याच्या शेडखाली किमान आठवडाभर तोंड उघडं ठेवून वाळू द्या. ओल्या भोकात एपॉक्सी भरणं ही या कामातली सगळ्यात जास्त घडणारी चूक आहे. घाई असेल तर हॉट गनने हलकं तापवा. ब्लो लॅम्प लावाल तर पाषाणाची कपची उडेल.

एपॉक्सी आणि हार्डनर डब्यावरच्या प्रमाणात, तराजूवर मोजून घ्या. अंदाजाने ओतलेलं मिश्रण महिनोन्महिने चिकट राहतं. त्यात वजनाने तेवढीच बारीक, कोरडी गारगोटीची पूड मिसळा. त्याने आकसणं कमी होतं आणि गर्मीत प्रसरणही. काम सकाळी लवकर करा, दुपारच्या उन्हात डब्यातच घट्ट व्हायला लागतं. भोक दोन-तृतीयांश भरा, पिन हळूहळू पिळत आत सोडा म्हणजे हवा बाहेर पडेल. एपॉक्सी काठापर्यंत आलाच पाहिजे, आणि पिनच्या बुंध्याशी दोन-तीन मिमीचा उंचवटा राहू द्या. वाटी अशी पूर्ण भरली की पाण्याला उभं राहायला जागाच उरत नाही. पिन ओळंब्यात आहे का हे घट्ट होण्याआधी गुण्याने (काटकोनी पट्टीने) दोन बाजूंनी पाहा आणि २४ तास हात लावू नका.

वरच्या दगडातलं भोक २४ मिमी आणि खोली पिनच्या वर आलेल्या भागापेक्षा १५ मिमी जास्त. ही १५ मिमी विसरली तर दगड पिनच्या टोकावर बसतो, सांध्यावर नाही, आणि डुलत राहतो. पिनवर इलेक्ट्रिकच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा सरकवा म्हणजे स्टील दगडाला घासणार नाही.

सांधा

दगड थेट दगडावर ठेवला तर तीन-चार उंचवट्यांवर सगळं वजन येतं आणि कडा उडतात. दोन-तीन मिमी जाडीच्या, रुपयाएवढ्या शिशाच्या तीन चकत्या कडेपासून इंचभर आत त्रिकोणात ठेवा. तीनच, चार ठेवल्या तर एक नेहमी सैल राहते. शिसं दाबलं जाऊन दगडाच्या खडबडीत अंगाशी जुळतं. काम झाल्यावर हात साबणाने धुवा आणि तुकडे मातीत टाकू नका.

दगड बसवून ओळंबा पाहिल्यावर सांधा चुन्याने भरा: १ भाग चुना, १ भाग सुरखी (भाजलेल्या विटांची पूड), २ भाग दोन मिमीच्या चाळणीतून चाळलेली धुतलेली वाळू. हायड्रॉलिक (ओलाव्यातही घट्ट होणारा) चुना मिळाला तर १ भागाला अडीच भाग वाळू, सुरखी नको. समुद्राची वाळू कधीही नको. दगडाचा सांधा आधी पाण्याने ओला करा, नाहीतर दगड चुन्यातलं पाणी शोषतो आणि चुना भुकटी होतो. थापीने आत दाबत भरा, चुन्याची बाहेरची कड जरा आत घ्या. मग आठ-दहा दिवस ओलं गोणपाट गुंडाळून ठेवा. सगळ्यात खालच्या सांध्यात, उतार असेल त्या बाजूला, २० मिमीची फट मुद्दाम मोकळी सोडा. आत शिरलेलं पाणी तिथून निघून जातं. काम बघायला आलेला प्रत्येकजण ती फट भरायला सांगेल, भरू नका.

शहाबादी किंवा कडप्प्याच्या पाट्या शिल्पात असतील तर त्यांच्या सांध्यांतही चुनाच घाला. सिमेंटमधले क्षार त्यांच्या थरांत शिरून पापुद्रे सोडवतात.

वरून येणारं पाणी

माथ्याचा दगड सपाट असेल तर त्याला छिन्नीने हलका उतार द्या, फुटाला अर्धा इंच पुरे. पुढे आलेल्या कडेच्या खालच्या अंगाला, कडेपासून इंचभर आत, ६ मिमीची खाच कोरा. घराच्या छज्जाखाली असते तशी ही खाच पाणी तिथेच ठिबकवते, ते खालच्या सांध्यापर्यंत सरकत नाही.

जात्याची वरची तळी माथ्याला असेल तर तिच्या मधल्या भोकातून पाऊस थेट पिनवर पडतो. पाषाणाचीच निमुळती गुडदी (बूच) घडवून चुन्यात बसवा, माथा किंचित फुगीर ठेवून. खुंट्याचं आंधळं (आरपार न गेलेलं) भोकही त्याच पद्धतीने बुजवा. उखळ किंवा डोणी तोंड वर करून असेल तर तळाला १२ मिमीचं भोक तिरकं पाडून पाणी बाहेर काढा. साचलेल्या पाण्यात आठवड्याभरात डासांच्या अळ्या होतात. शाळेच्या आवारात हे आधी करा.

शिल्पात नांगराचा फाळ, बैलगाडीची धाव, साखळी असं उघडं लोखंड असेल तर ते स्टेनलेसला टेकू देऊ नका. ओलाव्यात दोन धातू भेटले की साधं लोखंड जास्त घाईने गंजतं. मध्ये नायलॉनचा वॉशर घाला.

डाग

पाषाणावरचे गंजाचे ओघळ काढायला बाथरूम साफ करायचं ॲसिड वापरलं जातं. त्याने दगडातलंच लोह सुटून अख्खा चिरा पिवळट पडतो. त्याऐवजी १ भाग सोडियम सायट्रेट, ६ भाग कोमट पाणी, ७ भाग ग्लिसरीन एकत्र करून खडूच्या भुकटीत लगदा करा. अर्धा इंच जाडीचा थर डागावर लावा, वर प्लॅस्टिक चिकटवा, दोन दिवसांनी काढून पावसाच्या किंवा फिल्टरच्या पाण्याने धुवा. जुन्या डागाला तीन-चार वेळा करावं लागतं. ऑक्झॅलिक ॲसिड पाषाणावर चालतं, पण शहाबादी, कडप्पा, कोटा यांवर नाही, आणि ते विषारी आहे. मीठ मुरलेल्या दगडाला साध्या पाण्यात भिजवलेल्या मुलतानी मातीचा लेप द्या, वाळून सुटला की टीडीएस मोजा आणि आकडा उतरेपर्यंत पुन्हा करा.

तेल, ऑइल पेंट, चकाकी आणणारं पॉलिश यांतलं काहीही लावू नका. त्यांचा थर पाणी आत अडकवतो.

पाया हलत असेल तर

काळी माती तीन-चार फूट खोल काढा, मुरूम लागेपर्यंत. तिथून दगडी सोलिंग (दाबून बसवलेल्या दगडांचा थर), वर सहा इंच एम-२० काँक्रीट, जमिनीपासून सहा इंच वर येईल असं. काँक्रीट आणि पहिला दगड यांच्यामध्ये जुन्या स्वयंपाकघराच्या ओट्याचा कडप्पा घाला. तो खालची ओल वर चढू देत नाही. एवढं केलं की खालच्या दोन फुटांतलं मिठाचं दुखणंही आटोक्यात येतं.

या वर्षी उतरवणं शक्य नसेल तर

सांध्यातलं सगळं सिमेंट ग्राइंडरने कापून काढा, फट वाळू द्या, चुना भरा आणि उताराच्या अंगाला फट सोडा. माथ्यावरची भोकं बुजवा. याने गंज मंदावतो, थांबत नाही. उभी चीर पडलेला दगड असेल तर त्याच्याभोवती स्टेनलेसची पट्टी आवळा आणि शिल्पाभोवती त्याच्या उंचीएवढ्या अंतरावर दोरी बांधून माणसांना लांब ठेवा. दगड हाताने हलत असेल तर हा पर्याय नाही. वरचे दगड लगेच उतरवून जमिनीवर ठेवा.

दुरुस्तीनंतरच्या पहिल्या ऑक्टोबरात, पाऊस थांबून आठ दिवस झाल्यावर, सकाळी शिल्प पाहा. सगळे सांधे एका वेळी वाळले पाहिजेत. एखादा सांधा बाकीच्यांपेक्षा दोन दिवस जास्त काळा राहिला तर तिथे पाणी अडतंय: आधी मोकळी सोडलेली फट मातीने किंवा शेवाळाने बुजली आहे का ते तारेने तपासा, मग त्या सांध्याच्या वरच्या दगडाची खाच. चुन्याला बारीक तडा दिसला तर तेवढाच चुना खरवडून नवा भरा. तो दर चार-पाच वर्षांनी भरावा लागेल. चुना झिजतो म्हणून दगड वाचतो.